नाग नदीचं नागपूर

नागपूरकर 'बर्डी' म्हणतात ती सीताबर्डी. तिथून महाल भागाकडे जाताना एका पुलाखाली काळपट पाणी दिसतं. लोक त्याला नाला म्हणतात, आणि ते ऐकून वाईट वाटतं, कारण ती नाग नदी आहे. शहराला नाव देणारी. लाव्याच्या टेकड्यांत उगम, मग अंबाझरी तलाव, तिथून भर वस्तीतून पूर्वेला. पुढे कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असं करत हे पाणी बंगालच्या उपसागराला मिळतं. सप्टेंबर 2023मध्ये अंबाझरी ओसंडला, घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा ही नदीच आहे हे शहराला पुन्हा कळलं.

नदीनं नाव दिलेल्या या शहराच्या कारभाराची उतरंड अशी: महापालिकेचे दहा झोन, जिल्ह्याचे चौदा तालुके आणि त्यावर नागपूर विभाग. त्यात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे सहा जिल्हे. अमरावती विभाग धरला की पुरा विदर्भ होतो. 1956पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. त्या वर्षी विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960मध्ये महाराष्ट्रात. म्हणूनच विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथे भरतं.