रबरी बुशला ऑईल नको, साबणाचे पाणी लावा

खेड्यापाड्यांत जीप, पिकअपच्या पाट्याचे रबरी बुश बदलताना ते सहज बसावेत म्हणून जळके ऑईल किंवा ग्रीस चोपडण्याची सवय आहे. काम झटपट होते, पण भुर्दंड मालकाला! खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते, मऊ पडते. बुश लवकर सैल होऊन गाडी खडखडू लागते. त्याऐवजी साबणाचे पाणी लावावे. बुश अलगद सरकतो अन् पाणी वाळले की जागच्या जागी घट्ट धरतो. वायरीच्या भोकातील रबरी ग्रोमेटलाही हेच पाणी चालते. पाट्याचे बोल्ट मात्र जॅक काढून, भार चाकांवर आल्यावरच पक्के आवळावेत. गाडी अधांतरी असताना आवळले तर रबराला कायमचा पीळ बसून ते फाटते. शेतकरी बंधूंनी मिस्त्रीला एवढे आवर्जून सांगावे.