निरोप तोच, पेशीचं उत्तर वेगळं

पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारं चिलट म्हणजे ड्रॉसोफिला. (आंबा बागायतदारांना छळणारी फळमाशी निराळी.) २५ अंश तापमानात ड्रॉसोफिलाच्या अंड्यातून साधारण २४ तासांत अळी बाहेर पडते. सुरुवातीला तर विभाजनाची इतकी घाई असते, की पेशीपटलं घालायलाही सवड नसते. नुसती केंद्रकं दुणावत राहतात, जेमतेम आठ-नऊ मिनिटांना एकदा.

ही घाई प्रत्येक जनुकाला झेपत नाही. अळीच्या पोटाचे खंड पाडणारं क्निर्प्स हे जनुक डीएनएच्या सुमारे ३ हजार अक्षरांचं; त्याचं भावंड २३ हजारांचं. प्रथिनं दोघांची सारख्याच कामाची, चालू होण्याचा निरोपही जवळपास एकाच जागी मिळतो. तरी क्निर्प्स बिघडलं, तर भावंडाचा उपयोग शून्य. १९९२ साली जर्मनीत हर्बर्ट येक्ले यांच्या गटानं या लांबलचक जनुकातला प्रथिनासाठी न लागणारा मधला पट्टा काढून टाकला, आणि आखूड झालेलं जनुक क्निर्प्सचं काम करू लागलं. मूळ अडचण वेळेची होती: लांब जनुकाची नक्कल अर्ध्यावर असतानाच विभाजन सुरू होतं आणि केलेलं सगळं वाया जातं.

पुढे अळीच्या मेंदूत पेच उलटा होतो. तिथल्या बहुतेक मूळपेशी जन्माच्या सुमारास विश्रांती घेत असतात. अळीनं खायला सुरुवात केली, की शेजारच्या ग्लिया पेशी इन्सुलिनसारखी प्रथिनं सोडतात. हाच उठण्याचा निरोप. पण सगळ्या एकदम उठत नाहीत.

का? केंब्रिजच्या लिओ ओत्सुकी आणि अँड्रिया ब्रँड यांनी २०१८ साली याचा छडा लावला. विश्रांतीतली मूळपेशी विभाजनाच्या चक्राबाहेर, म्हणजे ‘जी-झिरो’त असते, असा सर्वसाधारण समज होता. इथे मात्र बहुसंख्य पेशी ‘जी-टू’त थबकलेल्या निघाल्या: डीएनएची दुसरी प्रत तयार, फक्त दोन व्हायचं बाकी. याच आधी उठतात, जी-झिरोतल्या मागाहून. कोणी कुठे थांबायचं, हे भ्रूणावस्थेतच ठरलेलं असतं.

जी-टूतल्या पेशींना ट्रिबल्स नावाचं प्रथिन रोखून धरतं. ते विभाजनाला लागणाऱ्या ‘स्ट्रिंग’ प्रथिनाचा काटा काढतं, शिवाय इन्सुलिनचा निरोपही पेशीच्या आत दाबून ठेवतं. ट्रिबल्स हटवलं, की या पेशींची विश्रांती मोडते. जी-झिरोतल्यांवर त्याचा काही परिणाम होत नाही.