बुडालेल्या नदीचा काठ

आमचे आजोळ धरणाच्या पाण्यात गेले. आजी मात्र दिवाळीत रांगोळी घालता घालता ते आम्हां मुलांना दाखवी. आधी नदीची वळणदार रेघ ओढी आणि म्हणे, "नदी सापडली ना, की माणसं कुठं राहत होती ते आपोआप कळतं!"

आजीचे हे शास्त्र शास्त्रज्ञांनाही मान्य आहे, हे मला पुढे कळले. हिमयुगात इंग्लंड आणि हॉलंड यांच्यामध्ये कोरडी जमीन होती. बर्फ वितळले, समुद्र चढत गेला आणि सुमारे ८००० वर्षांपूर्वी ती बुडाली. १९३१ साली 'कोलिंडा' या मच्छीमार बोटीच्या जाळ्यात कुजक्या वनस्पतींचे ढेकूळ आले. फोडून पाहतात तो आत भाल्याचे दातेरी टोक! म्हणजे तेथे माणसे होती. पण एवढ्या समुद्रात त्यांच्या खुणा शोधायच्या कोठे?

उत्तर तेल शोधणाऱ्यांपाशी होते. त्यांनी समुद्रतळात ध्वनिलहरी सोडून पडसाद टिपले होते. बर्मिंगहॅम विद्यापीठात व्हिन्सेंट गॅफनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदींवरून गाळाखालच्या नद्यांचा, तळ्यांचा नकाशा काढला. २०१९ साली नॉरफोकपलीकडे, अशाच एका नदीच्या मुखाशी, चकमकीच्या दगडी हातोड्याचा तुकडा हाती आला.

आज त्या समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहत आहेत. पाया घालण्यापूर्वी नकाशा हाती हवा.

आजी गेली. तिची रांगोळी कोणीच कागदावर उतरवून घेतली नाही. यंदा आईला शेजारी बसवून मी ती नदीची रेघ ओढणार आहे.