बर्फातील धूळ आणि तिची साक्ष

जुन्या पोथीचा काळ ठरविताना आम्ही कागद, शाई आणि अक्षराचे वळण पाहतो. ध्रुवप्रदेशातील बर्फ वाचणाऱ्यांची रीत फारशी निराळी नाही. ग्रीनलंडच्या अंतर्भागात पडलेले हिम सहसा वितळत नाही. थरावर थर दबून त्याचा बर्फ होतो. १९९३ साली अमेरिकी संशोधकांनी तेथे सुमारे ३,०५० मीटर खोलवर वेध घेऊन अशा थरांचा दंडगोल बाहेर काढला.

या बर्फात काही मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात. सोडियम मुख्यतः समुद्राच्या तुषारांतून येते, कॅल्शियम कोरड्या भूमीवरील धुळीतून. हिमयुगाच्या थरांत कॅल्शियम कितीतरी अधिक सापडते. कारण त्या काळी हवा कोरडी होती आणि वारे प्रबळ होते. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वीच्या सीमेवर मात्र ते थोड्या दशकांतच झपाट्याने उतरलेले दिसते. हवामान नेहमी सावकाशच पालटते, असे वर्गात सांगत आलेल्या आम्हां शिक्षकांनी हे ध्यानी घ्यावयास हवे.

खरी अडचण प्रक्षिप्ताची! जुन्या बर्फातील शिसे अब्जांशाहूनही कमी. उपकरणाचा नुसता स्पर्श मोजणी बिघडवितो. म्हणून क्लेअर पॅटरसन यांनी दूषित भाग वगळून, अतिशुद्ध प्रयोगशाळेत बर्फ तपासला. १९६९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या मोजणीत औद्योगिक काळात, विशेषतः १९४० नंतर, ग्रीनलंडच्या बर्फातील शिसे पुष्कळ वाढलेले आढळले. पुढे पेट्रोलमधील शिसे घटू लागले, तसे १९७० नंतरच्या थरांतही ते उतरले.