बाळाची पहिली भाषा

मूल भाषा शिकते ते पोपटासारखे अनुकरण करून, असा आपला सर्वसाधारण समज असतो. त्यात तथ्य आहे; पण ते अर्धेच.

तीन वर्षांचे मूल म्हणते, ‘मी काम करलं.’ घरातले कोणीही मोठे माणूस ‘करलं’ म्हणत नाही. मग मुलाने हा शब्द आणला कोठून? ‘बसलं’, ‘उठलं’, ‘पडलं’ ऐकून त्याने मनाशी एक नियम बांधला आणि तोच ‘कर’ या धातूला लावला. आपण ज्याला चूक म्हणून हसतो, ती वास्तविक व्याकरण उमगल्याची खूण होय.

१९५८ साली जीन बर्को या अमेरिकन विदुषीने मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले व ‘हा वग’ असे सांगितले. मग तसेच दोन दाखवले. मुलांनी बहुधा ‘वग्ज’ असे अचूक अनेकवचन केले. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकलेला नव्हता!

या कर्तृत्वाची पूर्वतयारी मात्र पाळण्यातच सुरू होते. ‘त’ आणि ‘ट’ हा भेद आपल्याला सहज कळतो. इंग्रजी भाषिकाला तो महत्प्रयासाने कळतो. कॅनडात जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवून दिले की, इंग्रजी घरातील सहा ते आठ महिन्यांची बाळे हिंदीतील हा भेद ओळखतात. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र थोड्यांनाच तो ओळखता येतो. म्हणजे पहिला शब्द उच्चारण्याच्या सुमारासच बाळाचा कान घरच्या भाषेपुरता घडत आलेला असतो.

येथेच आईबापांची जबाबदारी येते. बहिरे मूलही आरंभी हुंकार देते, त्यामुळे त्याचा दोष लक्षात येत नाही. ‘याचे वडीलही उशिरा बोलले’ म्हणून दोन-दोन वर्षे दवडली जातात. तेव्हा आवाजाने बाळ दचकत नसेल, हाकेला वळत नसेल, तर त्याचे कान विनाविलंब तपासून घ्यावेत. ऐकू न येणाऱ्या मुलाच्याही बुद्धीत भाषा घडवण्याची शक्ती असतेच. खुणांची भाषा लहानपणापासून मिळाली तर तीही ते मातृभाषेसारखीच आत्मसात करते.

आणि ज्याला ऐकू येते त्याच्याशी भरपूर बोलावे. ‘करलं’ म्हणाले तर हसू नये, दटावू नये. ‘हो, तू काम केलंस!’ एवढे म्हणावे. पुढचे काम मूल आपले आपण करते.