वजनाचे तिकीट आणि कमरेची टेप

पूर्वी रेल्वेच्या मोठ्या स्थानकांवर रंगीत दिव्यांची आणि गरगर फिरणाऱ्या चक्राची वजनाची यंत्रे उभी असत. नाणे टाकले, की जाड कागदाचे एक छोटे तिकीट टपकन बाहेर पडे. तिकिटावर वजन छापलेले असे आणि सोबत एका ओळीत तुमचे भविष्य! वजन तुमचे असे; भविष्य मात्र कोणालाही लागू पडेल असेच असे.

आता प्रश्न असा, की वजन, उंची, कमरेचा घेर आणि थोडेसे रक्त एवढ्यावरून माणसाच्या प्रकृतीचे खरेखुरे भविष्य सांगता येईल काय? काही अंशी येते. पण ते ज्योतिष्याच्या भविष्यासारखे नसते. कसे, ते पाहू.

समजा, मावळात कामशेतला एक काका आहेत. वय ४६, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६१ किलोग्रॅम. दिवसभर ते किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून असतात. हातपाय किरकोळ, सदऱ्याखाली पोट मात्र थोडे सुटलेले. ‘‘मी तर बारीकच आहे, मला कसला आजार होणार?’’ असे ते नेहमी म्हणतात. आपण त्यांचे म्हणणे तपासून पाहू.

बेल्जियममधील क्वेटले या संख्याशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात एक सोपे सूत्र सुचविले. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. काकांचा आकडा येतो ६१ भागिले (१.६५ × १.६५), म्हणजे सुमारे २२.४. हा शरीरवस्तुमान निर्देशांक होय. जगभर २५ च्या वर गेला तर वजन जास्त मानतात. भारतीयांसाठी डॉक्टर २३ च्या वरच सावध होतात. काका त्याहूनही खाली आहेत. म्हणजे काकांचे म्हणणे खरे ठरले काय?

थांबा. वजनकाटा एकूण वजन सांगतो. त्यात स्नायू किती आणि मेद किती, हे सांगत नाही. याचे एक सुरेख उदाहरण आपल्या पुण्याचेच आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे आणि मापे छापली. दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीरातील मेद मोजला, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात तो ९.१ टक्के भरला आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! आकडा एकच, शरीरे दोन तऱ्हांची. दिसायला बारीक, पण आतून मेद जास्त अशी शरीराची ठेवण भारतीयांत पुष्कळ आढळते.

ही ठेवण कधीपासून असते? १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर मातांच्या आणि पुढे त्यांच्या बाळांच्या पाहणीस आरंभ केला. तेथील नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. इंग्लंडची बाळे सरासरी ३.५ किलोग्रॅमची, तर आपली २.७ किलोग्रॅमची. आपल्या बाळांचे दंड आणि पोट लहान होते. पाठीवरच्या कातडीखालील मेद मात्र त्या मानाने फारसा कमी नव्हता. म्हणजे या गोष्टीची सुरुवात आईच्या पोटातच होते.

पोटातला मेद एवढा वाईट का? शेतात पाटाच्या पाण्याला दारे धरणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. तो एकेका वाफ्याचे दार उघडतो आणि पाणी आत जाते. आपल्या शरीरात रक्तातील साखरेला पेशींची दारे उघडून देण्याचे काम स्वादुपिंडात तयार होणारे इन्सुलिन करते. यकृतात आणि आतड्यांभोवती मेद साठू लागला, की ही दारे जड होतात. मग स्वादुपिंड अधिक इन्सुलिन पाठवते, म्हणजे एका माणसाच्या जागी चार माणसे दार ढकलू लागतात. काही वर्षे हे निभावते. तोवर यकृत रक्तात ट्रायग्लिसराइड नावाचा मेद जास्त सोडू लागते, उपयुक्त एचडीएल कोलेस्टेरॉल घटते, रक्तदाब चढू लागतो आणि शेवटी साखरही पाटात तुंबते. ही लक्षणे एकमेकांचा हात धरून येतात, याकडे अमेरिकेतील डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली एका व्याख्यानात लक्ष वेधले. या समूहाला आज चयापचय लक्षणसमूह, म्हणजेच मेटॅबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तो असणाऱ्यांना मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका अधिक असतो.

तो ओळखण्यासाठी अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी २००९ साली मिळून पाच कसोट्या ठरविल्या. पाचांपैकी कोणत्याही तीन लागू पडल्या, की लक्षणसमूह आहे असे समजतात. आपल्याकडील प्रौढांसाठी त्या अशा :

१. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा अधिक.
२. दर १०० मिलिलिटर रक्तात ट्रायग्लिसराइड १५० मिलिग्रॅम किंवा अधिक.
३. एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा, स्त्रियांत ५० पेक्षा कमी.
४. रक्तदाब वरचा १३० किंवा खालचा ८५, अथवा त्याहून अधिक.
५. उपाशीपोटी रक्तशर्करा १०० मिलिग्रॅम किंवा अधिक.

या गोष्टींसाठी आधीच औषध चालू असेल, तर ती कसोटी लागू पडली असेच धरतात. आता काकांची मापे घ्या : कंबर ९१, ट्रायग्लिसराइड १७८, एचडीएल ३६, रक्तदाब १२६/८२, साखर १०४. स्वतःच मोजा बरे! पाचांपैकी चार लागू पडतात. वजनकाट्याने ज्यांना निर्धास्त केले होते, त्यांना टेपने आणि रक्ताने सावध केले.

पण प्रत्येकाचे रक्त तपासणे सोपे नाही. म्हणून चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली रक्ताशिवायचा एक गुणतक्ता प्रसिद्ध केला. शेकडो लोकांची मापे आणि त्यांना मधुमेह आहे की नाही, हे दोन्ही ताडून पाहिले, म्हणजे कोणत्या गोष्टीला किती महत्त्व द्यावे हे गणिताने ठरविता येते. त्यात वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, ५० च्या पुढे ३०. पुरुषाची कंबर ९० ते ९९ असेल तर १०, १०० च्या पुढे २०. स्त्रियांसाठी हीच मर्यादा दहा सेंटिमीटर खाली. व्यायाम नाही आणि कामही बैठे असेल तर ३०. दोहोंपैकी एक गोष्ट असेल, म्हणजे नियमित व्यायाम किंवा कष्टाचे काम, तर २०. दोन्ही असतील तर शून्य. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा अधिक आली, की धोका मोठा. काकांच्या आईला मधुमेह होता असे धरा. २० + १० + ३० + १० म्हणजे ७०!

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. परीक्षेत ७० गुण मिळाले तर आनंद होतो, येथे उलट. आणि ७० गुण म्हणजे मधुमेह झालाच असे मुळीच नाही. तांदूळ चाळताना चाळणीची भोके मोठी असतील, तर खड्यांबरोबर थोडे तांदूळही खाली पडतात. भोके लहान केली, तर काही खडे वर राहतात. या तक्त्याचेही तसेच. न कळलेला मधुमेह असणाऱ्या १०० जणांपैकी सुमारे ७२ जणांना तो पकडतो, २८ निसटतात. मधुमेह नसलेल्या १०० जणांपैकी सुमारे ४० जणांना तो उगाच घाबरवतो. म्हणून तक्ता निकाल देत नाही. रक्त कोणाचे आधी तपासावे, एवढेच सांगतो. निदान करायचे ते डॉक्टरांनी.

मग या भविष्याचा उपयोग काय? उपयोग हाच, की ते खोटे पाडता येते! वय आणि आईवडील बदलता येत नाहीत. पण काका रोज नियमाने भरभर चालू लागले आणि कंबर ८७ वर आली, तर गुण २० + ० + २० + १० म्हणजे ५० होतील. ही नुसती कागदावरची बेरीज नव्हे. साखर वाढू लागलेल्या, पण मधुमेह न झालेल्या लोकांवर चेन्नईत एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना केवळ नेहमीचा सल्ला दिला, त्यांच्यापैकी सुमारे तीन वर्षांत शंभरी ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांनी आहार आणि चालणे सांभाळले, त्यांच्यात तो शंभरी ३९ जणांना झाला. शंभरातील सोळा जणांचे भविष्य बदलले.

समजुतीपेक्षा मापावर विश्वास ठेवावा, ही वृत्ती मावळाला नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले, तेव्हा उड्डियान, नौली यांसारख्या यौगिक क्रियांत पोटात नेमके काय होते, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिले होते.

तुम्हांलाही एक माप घरी घेता येईल. शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्यावर टेप आडवी धरा. पोट आत ओढू देऊ नका. सहज श्वास सोडल्यावर वाचा. दोनदा मोजून सरासरी काढा. घरातील मोठ्या माणसांची मापे त्यांच्या संमतीने वहीत लिहा आणि आकडा मर्यादेपलीकडे असेल, तर रक्त तपासून घेण्याचा आग्रह धरा. मात्र वरील आकडे प्रौढांचे आहेत. तुमचे शरीर अजून वाढते आहे. ते आकडे स्वतःला किंवा वर्गातील सोबत्यांना लावू नका आणि कोणाच्या अंगलटीवरून चेष्टा तर मुळीच करू नका.

आणि पुढच्या सुटीत काकांना मळवलीला उतरवून लोहगड चढायला घेऊन जा. परतताना लोणावळ्याची चिक्की घ्यायला हरकत नाही. पण पुडा एक आणि खाणारी तोंडे पुष्कळ असू द्या!