बारावं लेकरू, अठराव्या अध्यक्ष!

टेक्सासमधलं ग्रेपलँड हे चिमुकलं गाव. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीत बटाईनं राबणारे. 1945 साली त्यांच्या पोटी बारावं लेकरू जन्मलं, रूथ. हेच शेंडेफळ पुढे आयव्ही लीग या अमेरिकेच्या नामांकित विद्यापीठांच्या गटातलं विद्यापीठ चालवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती ठरलं. पुरुषांतही त्याआधी कुणी नव्हतं!

कुटुंब ह्यूस्टनला आलं. रूथ 15 वर्षांची असताना आई गेली. शिष्यवृत्ती मिळवून पोरगी डिलार्ड विद्यापीठात निघाली, तेव्हा शाळेतल्या बाईंनी तिला आपले कपडे दिले. 1973 मध्ये तिनं हार्वर्डची डॉक्टरेट घेतली. विषय? मार्टिनिकचे फ्रेंच कवी एमे सेझेर!

पुढे रूथ सिमन्स प्रिन्स्टन विद्यापीठात असताना, लेखिका टोनी मॉरिसन यांना तिथे आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. मॉरिसन 1989 मध्ये रुजू झाल्या, 1993 मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. काय पारख!

1995 मध्ये रूथबाई स्मिथ कॉलेजच्या अध्यक्ष झाल्या. मुलींच्या या कॉलेजात त्यांनी चक्क इंजिनिअरिंग सुरू केलं. अमेरिकेतल्या महिला कॉलेजांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

2001 मध्ये त्या आयव्ही लीगमधल्या ब्राऊन विद्यापीठाच्या अठराव्या अध्यक्ष झाल्या, आणि माझ्या मते त्यांचं सर्वांत धाडसी काम इथलंच. 1764 साली स्थापन झालेल्या या संस्थेचा गुलामांच्या व्यापाराशी काय संबंध होता, हे शोधायला त्यांनी 2003 मध्ये समितीच नेमली. स्वतःच्याच संस्थेची झाडाझडती! विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या ब्राऊन घराण्यातला जॉन गुलामांचा व्यापारी, तर सख्खा भाऊ मोझेस गुलामगिरीचा कट्टर विरोधक. विद्यापीठाची सर्वांत जुनी इमारत उभारताना गुलामांचे हात लागले होते, हे 2006 च्या अहवालानं उघड मांडलं. पुढे 2014 मध्ये आवारात स्मारक उभं राहिलं: जमिनीत अर्धवट गाडलेला लोखंडी गोळा आणि तुटलेली साखळी. दरम्यान बाईंनी आणखी एक दार उघडलं. प्रवेश देताना अमेरिकी विद्यार्थ्याची ऐपत बघायची नाही!

2012 मध्ये पद सोडलं, पण स्वस्थ कुठल्या बसतात? 2017 मध्ये त्या टेक्सासच्या प्रेअरी व्ह्यू विद्यापीठात अध्यक्ष म्हणून दाखल झाल्या. हे कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेलं विद्यापीठ, आणि त्याची जमीन एके काळी गुलामांकडून कसून घेतलेल्या मळ्याची. 2020 मध्ये दानशूर मॅकेन्झी स्कॉट यांनी या विद्यापीठाला 5 कोटी डॉलर दिले. त्यातले 1 कोटी रूथबाईंनी कोविडमुळे फी थकलेल्या वरच्या वर्गांतल्या मुलांसाठी बाजूला काढले.